तोंडात आकडे धरून गाणारी

माझ्या दारावर एक पाटी आहे. गाणं शिकवलं जाईल, गाणाऱ्यांना अभिनय शिकवला जाईल, उच्चार सुधारून मिळतील. 'सुधारून मिळतील' हे शब्द रंगाऱ्याच्या पदरचे. त्यामुळे कधीकधी कुणी मोडकी छत्री घेऊनही आत डोकावतं. बाकी जे येतात त्यांतले निम्मे वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडे निघालेले असतात आणि जिना चढून दमले म्हणून माझी घंटा दाबतात. तोंड दोन्हीकडे उघडावंच लागतं, तेव्हा मीही फार मनावर घेत नाही.

आकडेताई मात्र वाट चुकून आली नव्हती. ती सरळ माझ्याकडे आली, हातात केसांच्या आकड्यांचा पत्र्याचा डबा घेऊन, आणि माझ्या खुर्चीच्या मागे जाऊन उभी राहिली.

आधी ती कोण ते सांगते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बायकांचे केस कापायचं, धुवायचं, बांधायचं तिचं दुकान आहे. वेणी घालताना किंवा अंबाडा बांधताना तिच्या ओठांत कायम चार-सहा आकडे असतात, म्हणून सगळी गल्ली तिला आकडेताई म्हणते. खरं नाव तिच्या नवऱ्याला आठवत असेल, पण तोही ते वापरत नाही. मी तिच्याकडे फार वर्षं जाते. माझे केस आता इतके विरळ झालेत की ती त्यांना एकेकाला ओळखते. "हा कालपरवापर्यंत होता बाई, कुठे गेला?" असं हळहळून विचारते.

दुकानात तीन खुर्च्या. एकीचं रेक्झीन फाटलेलं, म्हणून तिच्यावर नेहमी टॉवेल. केस धुवायच्या नळाला गरम पाणी हवं तर गार बाजूला फिरवायचं, हे फक्त तिला आणि जुन्या गिऱ्हाइकांना माहीत. नव्या बाईची पहिली किंकाळी ऐकली की जुन्या बायका मासिकाआड हसून घेतात. आणि भिंतीला लागून, मध्ये नुसती प्लायवूडची फळी, तिच्या नवऱ्याचं किल्ल्या बनवायचं दुकान. त्याचं यंत्र पितळेवर चढलं की एक लांब, टोकदार सूर निघतो. बाकीच्यांना त्याने दात आंबल्यासारखे होतात. आकडेताई तो सूर उचलते, खाली आणून मऊ करते आणि त्यावर गाणं सुरू करते. मी एकदा घरी येऊन पियानोवर तपासलं. तिची पट्टी ती यंत्राचीच. नवऱ्याने कानस बदलली की हिची पट्टीही जरा सरकते.

आवाज गोड म्हणावा असा नाही. जाडसर आहे, मधोमध किंचित खरखरतो, पण सुराला असा धरून बसतो की सोडवायला हात लावावा लागेल. ती गायला लागली की खुर्चीतली बाई डोळे मिटते, वाट बघणारी पान उलटायचं थांबते. आणि आकडेताईला यातलं काहीच दिसत नाही, कारण ती डोक्याच्या मागे असते, खाली बघत. तिचं सगळं आयुष्य लोकांच्या मानेच्या मागे गेलंय. बोलायचं तर आरशातून. समोरून ती एकदाच बघते. केस झाले की खुर्ची गर्रकन फिरवते, पाठ आरशाकडे, हातात छोटा आरसा देते, आणि बाईच्या डोक्यावरून मोठ्या आरशात नजर टाकून मागची बाजू नीट बसली का ते पारखते. "झालं. बघा," एवढं म्हणते. तेवढ्यापुरती मान वर. मग पुढचं डोकं.

तर त्या वर्षी आमच्या भागातल्या हौशी मंडळींनी संगीत नाटक बसवायला घेतलं. दिग्दर्शक दिवसा विमा कंपनीत, म्हणून त्यांना सगळे विमेवाले म्हणतात. माणूस गुणी, पण छपराखाली उभा राहूनही छत्री उघडणारा. नाटकात एक आई आहे. मुलगी नोकरीसाठी दूरच्या गावी निघते, तेव्हा आई एक गाणं म्हणते आणि पुन्हा दिसत नाही. एकच गाणं, पण अख्खं नाटक त्याच्यावर टेकलेलं. आईचं काम करणारी बाई ऐनवेळी खरोखरच मुलीकडे राहायला निघून गेली. मी विमेवाल्यांना म्हटलं, तुमची आई गल्लीच्या तोंडाशी केस बांधतेय, जाऊन ऐका.

ते गेले. बायकांच्या दुकानात एकटा पुरुष, म्हणून बायकोची वाट बघतोय असं सांगून बसले. त्यांची बायको आली नाही, कारण तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पण आकडेताई गायली आणि विमेवाले डोळे पुसत बाहेर आले. काम तिला मिळालं.

पहिल्या तालमीला ती रंगमंचावर उभी राहिली. समोर रिकाम्या खुर्च्या. माझी धाकटी बहीण पियानोवर. तिने सूर दिला. दुसऱ्यांदा दिला. आकडेताईचं तोंड उघडलं, पण त्यातून काही येईना. मग ती घाबरून पाठमोरी वळली, आणि पाठ वळताच असं काही गायली की मागे झाडू मारणारा झाडू टेकून उभा राहिला.

विमेवाल्यांनी दोन दिवस विचार केला आणि तोडगा काढला. ती विंगेत उभी राहून गाईल. मंचावर वाचनालयातली बाई उभी राहील, दिसायला देखणी, आणि नुसते ओठ हलवेल. रंगीत तालमीपर्यंत आकडेताईला समोर बघून गाता आलं तर ठीक, नाहीतर हेच. "मी जोखीम घेऊ शकत नाही, बाई," असं ते मला म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही नाटक बसवताय की पॉलिसी विकताय? पण त्यांचंही चूक नव्हतं. तिकिटं गेली होती.

म्हणून आकडेताई डबा घेऊन माझ्याकडे आली होती आणि माझ्या मागे उभी होती. मी मान वळवली तर ती सरकली. मी खुर्ची फिरवली तर ती पुन्हा मागे. थोडा वेळ आम्ही दोघींनी त्या खुर्चीभोवती फेर धरला. शेवटी मी खुर्ची भिंतीला लावून बसले. मग तिला समोर येण्यावाचून इलाज नव्हता.

"अगं, विंगेतून गायलीस तरी आवाज तुझाच ना," मी तिला जरा चाचपून बघितलं.

"आवाज माझाच. बघणार तिला," ती म्हणाली. "बाई, माझ्या खुर्चीत बसतात त्या आरशात स्वतःला बघतात. बघणारच, पैसे त्याचेच देतात. पण एकदा कुणी मला बघावं असं वाटलं. एवढंच. जास्त आहे का?"

मी म्हटलं, जास्त नाही. उद्यापासून ये, डबा घरी ठेवून ये.

तिने डबा आणलाच. रिकाम्या हातांनी तिला चालताच येत नाही, उभं राहणं लांबच. मी सांगितलं, हात मोकळे सोड. ते दोन ओल्या टॉवेलांसारखे लोंबायला लागले. म्हटलं, जरा उचल. तर उचलले आणि हवेतल्या हवेत कुणाचा तरी भांग पाडायला लागले. रंगमंचावर मी हातांचे नाना प्रकार बघितलेत. छातीवर ठेवायचे, कपाळाला लावायचे, आमच्या एका नायकाने तर एक हात अख्खं नाटकभर खिशात ठेवला होता, कारण त्या बाहीला भोक होतं. पण हवेत भांग पाडणारी आई मी पहिल्यांदाच बघत होते.

नजरेचंही तेच. मी म्हणायची, समोर तिसऱ्या रांगेत कुणी ओळखीचं बसलंय असं समज. ती समजायची, आणि लगेच त्याचे केस कानावर आलेत हे तिला दिसायचं. आलेल्या माणसाचं डोकं सोडून बाकी काही तिला दिसतच नव्हतं.

आणि उच्चार. इतकी वर्षं ओठांच्या एका कोपऱ्यात आकडे आणि दुसऱ्या कोपऱ्यातून शब्द, यामुळे तिचं बोलणं कायम दार अर्धवट उघडून बोलल्यासारखं. आमच्या धंद्यात यावर जुना उपाय आहे. दातांत बूच धरायचं आणि वाचायचं. बूच काढलं की जीभ सैल सुटते आणि शब्द स्वच्छ येतात. मी तिच्या दातांत बूच दिलं. ती वाचायला लागली आणि मी थक्क. एकेक अक्षर घासूनपुसून ठेवल्यासारखं. बूच काढलं, तर पुन्हा सगळं पुटपुट. जगाची जीभ बूच काढल्यावर सुटते, हिची बूच घातल्यावर. धाकटी पियानोवरून म्हणाली, पाटीवरची तिसरी ओळ खोडून घे आता.

आकडे मात्र मी जप्त केले. मंचावर आई तोंडात लोखंड धरून निरोप देत नाही, असं ठणकावून सांगितलं. तिने मान डोलावली. गिऱ्हाइकाने नळाबद्दल तक्रार केली की ती अशीच मान डोलावते.

मधे एकदा मी किल्ली करून घ्यायला गेले. किल्लीवाले, म्हणजे तिचे यजमान, फार बोलत नाहीत. यंत्रापुढे बोलून उपयोग नसतो. त्यांनी पहिल्या रांगेतलं तिकीट गल्ल्याच्या काचेखाली लावून ठेवलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. मी सहज म्हटलं, ती कदाचित पडद्यामागून गाईल हो. त्यांनी यंत्र बंद केलं.

"भिंतीपलीकडून ऐकतोच आहे की मी," ते म्हणाले. "पडद्यापलीकडून ऐकायला तिकीट कशाला काढू? गाताना कशी दिसते ते बघायचंय."

मग यंत्र सुरू केलं. माझी किल्ली झाली ती आजतागायत अडकते, पण त्याबद्दल मी त्यांना बोललेले नाही.

रंगीत तालीम उद्यावर आली आणि आकडेताई समोर बघून दोन ओळींच्या पुढे जाईना. त्या संध्याकाळी मी दमून बसले होते. तिने न विचारता मागे येऊन माझे केस सोडले, पुन्हा बांधायला घेतले, आणि गायला लागली. अख्खं गाणं. समोर माझी धाकटी बसली होती. ती म्हणाली, "ताई, मला तिचा चेहरा इथून सगळा दिसतोय."

म्हणजे दिसत होता की. ती माझ्या मागे, आणि आम्ही दोघी धाकटीकडे तोंड करून. डोकं फक्त मध्ये हवं.

विमेवाल्यांना मी सांगितलं, मुलीला स्टुलावर बसवा, प्रेक्षकांकडे तोंड करून, आई मागे उभी राहून तिचे केस बांधेल. ते म्हणाले, मुलगी गाव सोडून निघालीय, सलूनमध्ये नाही आलेली. मी म्हटलं, केस न बांधता गाव सोडणारी मुलगी तुम्ही कुठे बघितलीत? हे त्यांच्या घरात दोन मुली असल्यामुळे पटलं.

मुलीचं काम बँकेत खिडकीवर बसणारी एक मुलगी करत होती. दाट केस, तेल लावलेले, धरले की बसणारे. रंगीत तालमीला आकडेताईने गाणं आणि वेणी बरोबर एका वेळी संपवली. नजर खाली होती, पण आवाज होता, चेहरा होता. विमेवाले म्हणाले, ठीक. तरी वाचनालयातल्या बाईला त्यांनी आईच्याच रंगाचे कपडे घालून विंगेत उभं राहायला सांगितलं. न जाणो. आपली सुटका झाली म्हणून ती बिचारी आयुष्यात हसली नव्हती इतकी हसली होती, आणि आता पुन्हा अडकली.

प्रयोगाच्या दिवशी सभागृह भरलेलं. आकडेताईची गिऱ्हाइकं इतकी की नुसते अंबाडे दिसत होते, सगळे तिनेच बांधलेले. पहिल्या रांगेत किल्लीवाले, इस्त्रीच्या शर्टात, गुडघ्यांवर हात ठेवून, फोटो काढायला बसल्यासारखे. मी विंगेत होते, विमेवाल्यांच्या शेजारी.

पडदा उघडला. प्रवेश आला. मुलगी स्टुलावर बसली, आकडेताईने तिचे केस सोडले, आणि तिचा चेहरा उतरलेला मला विंगेतूनही दिसला.

पोरीने केस धुतले होते. एवढे लोक बघणार म्हणून घरून शाम्पू करून आली होती. केस बांधणारी कुणीही बाई तुम्हाला सांगेल की धुतलेला केस त्या दिवशी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. पेड घातला की निसटतो, अंबाडा बांधला की उघडतो. वेणी पहिल्या कडव्यातच मधून सुटली.

आकडेताईचा हात कमरेच्या खिशात गेला. मी जप्त केले होते ते आकडे वेगळे. हिच्याकडे दुसरे होते. आता वेणीऐवजी अंबाडा, आणि चार-सहा सरळ ओठांत. मी डोळे मिटले. विमेवाल्यांनी माझा दंड धरला.

आणि मग शब्द ऐकू आले. "दार लोटून घे जाताना, कडी मी लावेन." मी डोळे उघडले. सभागृहाच्या शेवटच्या भिंतीला लागून परत यावा असा एकेक शब्द. बुचाचा धडा मीच दिला होता, तरी आकडे हेच तिचं बूच हे मला उमगलं नव्हतं.

गाणं संपत आलं. डोकं अर्धं झालं होतं. आता सांगते, आकडेताईच्या दुकानातून अर्ध्या डोक्याने कुणी बाहेर गेल्याची नोंद नाही. वीज गेली तरी ती मेणबत्ती लावून पूर्ण करते. शेवटच्या ओळीशी आल्यावर तिने केसांकडे बघितलं, आणि दुसरं कडवं पुन्हा सुरू केलं. माझ्या धाकटीने पियानोवरून वर बघितलं नाही, पान उलटं फिरवलं आणि तिच्याबरोबर गेली. विमेवाल्यांना वाटलं, विसरली. त्यांनी वाचनालयातल्या बाईला पाठीला हात लावून पुढे ढकललं. ती अर्धी मंचावर गेली, एक पाऊल उजेडात, आणि तिथेच थबकली, कारण तिलाही आता तो अंबाडा बसतो की नाही ते बघायचं होतं. सगळ्या सभागृहाला बघायचं होतं. पुढे सरकून बसलेल्या बायका मी स्वतः बघितल्या.

एकेक आकडा ओठांतून केसांत जात होता. आवाजाबरोबर. घाई नाही. निघालेल्या मुलीला आणखी थोडा वेळ बसवून ठेवायला आई काय करेल? हेच करेल. विमेवाल्यांनी माझा दंड सोडला आणि रुमाल काढला.

शेवटचा आकडा गेला. ओठ मोकळे झाले. आणि तिने सवयीने स्टूल गर्रकन फिरवलं, मुलीची पाठ समोर केली, आणि मागची बाजू पारखायला मान वर करून आरशात बघितलं.

आरसा नव्हता. तिथे लोक होते.

गाण्याची एक ओळ राहिली होती. मी जागच्या जागी पुटपुटले, वळू नकोस गं. ती वळली नाही. एका रांगेवरून दुसऱ्या रांगेवर तिची नजर फिरली, दुकानात फिरते तशीच, सावकाश, काही वाकडं तर नाही ना बघत. मग पहिल्या रांगेत येऊन थांबली आणि राहिलेली ओळ तिथे बघून म्हटली, तोंडात काहीही नसताना, स्वच्छ.

टाळ्या पडल्या तेव्हा तिने मुलीच्या खांद्यावरचे सुटे केस झटकले. तेही सवयीने.

नाटकानंतर मंडळी रंगपटात चहा घेत होती. विमेवाले सगळ्यांना सांगत होते की दुसरं कडवं दोनदा घ्यायचं त्यांच्या मनात आधीपासूनच होतं. बँकेतली मुलगी पुढच्या प्रयोगाला केस धुवायचे की नाही ते विचारत होती. किल्लीवाले दारात उभे होते. आकडेताई त्यांच्यासमोर गेली. मागे नाही, समोर.

"दिसले का?" तिने विचारलं.

त्यांनी जरा विचार केला. "वरच्या सुराला तुझी डावी भुवई वर जाते," ते म्हणाले. "मला इतकी वर्षं माहीत नव्हतं."

कपातला चहा गार होईपर्यंत ती तशीच उभी होती.

दुसऱ्या दिवशी मी केस करून घ्यायला गेले, तर दुकानात चर्चा एकच, भुवई जाते की नाही. आकडेताई म्हणते, जात नाही, यांचं आपलं काहीतरी. बायका म्हणतात, गा, बघू. ती गाते, आणि सगळ्या जणी आरशात तिच्याकडे टक लावून बसतात. जाते हो, मी बघितलीय, चांगली बोटभर वर जाते. हल्ली तिच्या दुकानात स्वतःच्या केसांकडे कुणाचं लक्षच नसतं. त्यामुळे अंबाडे जरा कलते बसायला लागलेत, असं फळीपलीकडून किल्लीवाले म्हणतात. त्यांच्याकडे कुणी लक्ष देत नाही. त्यांनी आधी माझी किल्ली नीट करावी.